गोजरबाईचा अर्धा तास

माझा स्वभाव तापट हाय, हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की इब्राहीमनं लपवलं. घरात रहिमुन्निसा म्हणते, तुमचं तोंड एकदा सुटलं की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई. मी म्हणतो, बेगम, लोकरीच्या धंद्यात गोड बोलणारा माणूस फसतो. तीस वर्षं मी हेच म्हणत आलो. यंदाच्या एप्रिलपर्यंत.

लोकर म्हंजी तुमच्या स्वेटरची मऊ लोकर न्हाई बरं का. ही जाडी, खरबरीत, काळी-करडी, गालिच्यात जाणारी. नवीन जालन्यात स्टेशनाच्या मागं माझं गोदाम हाय, तिथं पाय ठेवला की आधी शिंक येते. इथल्या मेंढ्यांची लोकर आता कुणी विचारत बी न्हाई, लोक कातरून बांधावर फेकून देतेत. पण रबाऱ्यांच्या मेंढ्यांचा धागा जरा लांब असतो. त्याला उत्तरेकडं अजून मागणी हाय.

हे रबारी मूळचे कच्छकडले. दिवाळी झाली की मेंढ्या हाकत मंठ्याच्या बाजूला उतरतेत. उंटावर खाटा, हंडे, गोधड्या, वर लेकरं बांधलेली. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतेत, खत होतं म्हणून. त्यांची कातरणी झाली की माझं काम सुरू. पण त्यांचा डेरा सापडला तर शपथ! आज ह्या नाल्यावर, तर उद्या त्या टेकाडामागं. बाप्ये दिवसभर मेंढ्यांमागं. डेऱ्यावर असतेत बाया, आन् लोकर कुणाला द्यायची ते बायाच ठरवतेत. त्यांना ना हिंदी येत, ना मराठी.

ह्याच अडचणीत मला गोजरबाई भेटली. अकरा वर्षं झाली. माझा टेम्पो एका नाल्याच्या वाळूत रुतला होता आन् मी टेम्पोला, नाल्याला, सरकारला, सगळ्यांला शिव्या देऊन राह्यलो होतो. डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन एक बंजारा बाई आली. उभी राहून सगळं ऐकून घेतलं. माझ्या शिव्या संपल्यावर म्हणली, "झालं का? कुठं निघालात?"

"रबाऱ्यांचा डेरा पाहिजे."

"डेरा परवाच उठला इथून. गाडी राहू द्या. चला."

भारा तिनं झाडाला टेकवला आन् चालायला लागली. मी मागं मागं. वाटेत एका बाभळीकडं बोट दाखवलं, "शेंडा खाल्लाय बघा. शेळीचं तोंड एवढ्या वर जात न्हाई. इकडून उंट गेला." पुढं लेंडी उचलून बोटांत चुरडली, म्हणली, "सकाळची हाय." अर्ध्या तासात डेरा समोर. मी बघतच राहिलो.

खरी गंमत तिथं पोचल्यावर झाली. ही त्यांच्याशी बोलायला लागली. हिची बंजारा बोली, त्यांची कच्छकडली, पण दोन्ही बोल्या एकमेकींना वळखत होत्या. आपल्या "हाय"ला ही म्हणायची "छ", त्या म्हणायच्या "छे". अडलं तिथं हात चालायचे, हात अडले तिथं हसू. नंतर मला म्हणली, "आमचे वाडवडील बैलांवर मीठ लादून फिरत होते, हे उंटावर संसार लादून फिरतेत. फरक तो केवढा?"

तेव्हापासून गोजरबाई राठोड माझ्या धंद्याची वाट दाखवणारी बी झाली आन् जीभ बी झाली. तिचा तांडा मंठ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून हाय. मी सकाळी टेम्पो घेऊन जायचो, ती मागं पोत्यांवर बसायची. हातानं ठोकून सांगायची, डावीकडं, उजवीकडं. एकदा बी चुकली न्हाई.

मंग माझी तक्रार काय होती? तक्रार एकच. मी दोन वाक्यं बोलायचो आन् ही बाई अर्धा तास बोलायची.

मागच्या कातरणीचं सांगतो. मी लोकरीची एक बट ओढली, कानाजवळ धरून तोडली. आवाजावरून धागा कळतो. धागा बराबर होता, पण कचरा लई. मी म्हणलं, "ह्यांना सांग, लोकरीत गोखरूचे काटे हायेत, माती हाय. पुढच्या बारीला झाडून द्या, न्हाई तर मी नेणार न्हाई." एवढंच. बस.

हिनं गोधडीवर फतकल मारली आन् सुरू झाली. बोलता बोलता चहा आला. मंग एक लेकरू हिच्या मांडीवर आलं. मंग सगळ्या हसल्या. मंग एक म्हातारी डोळ्याला पदर लावून रडायला लागली. आता तुम्हीच सांगा, लोकरीतल्या कचऱ्यात रडायसारखं काय हाय? मी उन्हात उभा. घड्याळ बघून राह्यलो.

परत येताना विचारलं, "काय सांगितलंस एवढं?"

"तुमी म्हणले तेच."

"अर्धा तास?"

"त्यांच्या बोलीत लांब होतं," ती म्हणली आन् ओढणी सारखी करून रस्त्याकडं बघत बसली.

यंदा मी डोक्यात राख घालून घेतली. मला वाटलं, ही बाई माझा वेळ खोटी करते, गप्पा मारते, वरून त्यांचीच बाजू घेते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिला फोन करून म्हणलं, "परवा मी डेऱ्यावर जातोय. तू येऊ नको. त्यांच्या बाप्यांना हिंदी समजते, मला हिंदी येते. मधी कुणी नको. आता कधीच यायची गरज न्हाई."

तिकडून ती म्हणली, "बरं. डेरा पाण्याच्या टाकीमागं गेलाय, पळसाच्या रानात. पाण्याची बाटली जास्तीची ठेवा, भाई. ऊन लई हाय."

मी फोन ठेवला. थँक्यू बी म्हणलं न्हाई.

त्या दिवशी खरंच आग बरसून राह्यली होती. दुपारचे साडेबारा. डांबर चिकट झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. पाण्याची टाकी दिसली तसा मी टेम्पो हळू केला, आन् पळसाच्या रानातून एक बाई धावत आली. अनवाणी. काळी ओढणी मागं लोंबतेय, छातीशी लेकरू. सरळ टेम्पोसमोर येऊन उभी राहिली. मी करकचून ब्रेक मारला, तोंडात शिवी आली, ती तिचं तोंड बघून आतच राहिली.

ती डेऱ्यावरली लाखी होती. मांडीवर लोकर घेऊन झाडत बसलेली मी तिला चार-पाच वेळा बघितली होती. नाव माहीत होतं कारण गोजरबाई हाक मारायची. लेकरू म्हंजी तिची पोरगी जीवी, दोन-अडीच वर्षांची. डोक्यावर बारीक आरशांची टोपी, तोंड लालभडक, मान एका बाजूला कललेली. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

लाखी एकच वाक्य म्हणत होती, परत परत. "ऊन गळी गई. मारी जीवी ऊन गळी गई."

मला समजलं. का समजणार न्हाई? दुपारची वेळ, चाळीसच्या वर पारा, पोरीचं अंग भाजून राह्यलेलं. उन्हानं पोरगी गळून गेली. मी म्हणलं, "बैठ, जल्दी बैठ!" आन् टेम्पो असा पळवला की मागं रिकामी पोती उडून गेली असतील तर मला पत्ता न्हाई.

रस्त्यावर एक लहानसा दवाखाना हाय, चार खाटांचा. तिथं प्रीती म्हणून तरुण डॉक्टरीण हाय, समजदार पोरगी. तिनं लेकराला टेबलावर घेतलं. अक्षता नावाची सिस्टर हाताशी. मी सांगितलं, "मॅडम, ऊन लागलंय. पोर पार गळून गेलीय."

डॉक्टरीण लेकराच्या छातीला नळी लावून ऐकत होती. कपाळाला आठी पडली. म्हणली, "काका, हा घशातला आवाज वेगळाच वाटतोय. हिनं काही गिळलंय का? आईला विचारा."

आता इथं मी काय केलं ते ऐका. मी लाखीला विचारलंच न्हाई. तोंड वळवून बी बघितलं न्हाई तिच्याकडं. डॉक्टरणीवरच खेकसलो, "विचारायचं काय त्यात? ती केव्हाची सांगूनच राह्यली, ऊन, ऊन! मला येते त्यांची बोली. अकरा वर्षं जातोय मी त्यांच्यात. तुम्ही सलाईन लावा आधी!"

तिनं बिचारीनं माझ्यावर भरवसा ठेवला. ओली चादर आली, पंखा आला, सिस्टर इवल्याशा हातावर शीर शोधायला लागली. पोरीची टोपी काढून कुणीतरी माझ्या हातात दिली. लाखी स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवायला लागली, मंग पोरीच्या तोंडाकडं. मी म्हणलं, "पाणी मागून राह्यली ती. लेकराला पाणी पाजा." सिस्टरनं वाटीत साखर-मिठाचं पाणी आणलं, चमचा पोरीच्या ओठाला लावला.

लाखीनं तिच्या हातावर असा फटका मारला की वाटी भिंतीला जाऊन आपटली.

"पागल हाय का ही बाई?" मी ओरडलो. "लेकराचा जीव चाललाय आन् पाणी सांडते!" मी आणखी बी बोललो. जे बोललो ते इथं सांगत न्हाई.

लाखी माझ्याकडं बघत राहिली. ती रडायची थांबली होती. दोन्ही हात जोडून, एक एक अक्षर सुटं करून, ती मला म्हणली, "गोजर. गोजर."

पोरीचे ओठ निळे पडायला लागले होते.

मी फोन काढला. परवाच मी ह्या बाईला म्हणलं होतं, आता कधीच यायची गरज न्हाई. तिनं उचलला नसता तर तिची काही चूक नव्हती. एक रिंग गेली. दुसरी गेली. तिसरीला आवाज आला, "बोला भाई, डेरा सापडला का न्हाई?"

मी म्हणलं, "बाई, लाखीशी बोल. जल्दी. पोरगी..." एवढं म्हणून मी स्पीकर चालू केला आन् फोन लाखीच्या तोंडापुढं धरला. गोजरबाईचा आवाज ऐकून लाखीचा बांध फुटला. पाच-सहा वाक्यं एका दमात बोलली.

आन् फोनमधून गोजरबाई किंचाळली, "भाई! उन्हाळ्याचं ऊन न्हाई हो! तुमच्या गोदामातलं ऊन! लोकर! पोरीनं लोकर गिळलीय, गळी गई म्हंजी गिळली! नरड्यात अडकलीय. पाणी पाजू नका, आधी काढा म्हणावं!"

डॉक्टरीण पुढचं ऐकायला थांबलीच न्हाई. तिनं पोरीची मान मागं केली, पट्टीनं जीभ दाबली, सिस्टरनं टॉर्च मारली, आन् लांब वाकडा चिमटा आत गेला. लाखीनं माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती आन् मला ते बरं वाटत होतं.

पहिल्यांदा चिमटा रिकामा आला. दुसऱ्यांदा एक धागा. तिसऱ्यांदा डॉक्टरीण म्हणली, "धर, धर, हलू देऊ नको," आन् बोटाएवढा ओला करडा गोळा बाहेर आला. त्यात एक गोखरू बी होतं. त्याच काट्यांनी ती लोकर नरड्यात धरून ठेवली होती.

एक सेकंद काहीच न्हाई. मंग जीवीनं श्वास घेतला आन् असा भोंगा पसरला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मला लेकरांचं रडणं सहन होत न्हाई, माझ्या नातवंडांना विचारा. पण त्या दिवशी मी मनात म्हणलं, रड बाई, रड, संध्याकाळपर्यंत रड. या अल्ला, तुझे लाख लाख उपकार.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. आता खरी गोष्ट सांगतो, जी आठवली की अजून अंगावर काटा येतो. आमच्या घरात लोकरीला लोकर म्हणतच न्हाईत. आम्ही उर्दू बोलणारी माणसं. लोकर म्हंजी ऊनच! माझ्या अब्बांच्या दुकानावर पाटी होती, 'ऊन के ब्योपारी'. ह्या एका शब्दानं तीस वर्षं माझ्या ताटात भाकर वाढली. आन् एक आई तोच शब्द माझ्या तोंडावर ओरडत होती, तर मला काय ऐकू आलं? बाहेरचं ऊन. डॉक्टरणीला तो शब्द समजला नसता तर चाललं असतं. मला समजायला पाहिजे होता. मंठ्यापासून जालन्यापर्यंत तो ज्याला समजायलाच पाहिजे असा एकच माणूस होता, आन् तो मी होतो.

अर्ध्या तासानं गोजरबाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई, सरळ आत. लाखीनं तिला मिठी मारली. दोघी काय बोलल्या, मला समजलं न्हाई, आन् आज मी कुणाला विचारलं बी न्हाई. नुसतं बघत राहिलो. ह्या बाईनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

चार वाजता लाखीचा नवरा हमीर आला. रानातून मेंढ्या दुसऱ्यावर सोपवून पळत आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. लेकराला बघितलं, कपाळाला हात लावला, मंग माझ्याकडं आला आन् माझे दोन्ही हात धरून मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागला.

"सेठ, लाखी बोलती, रोड पे दो गाडी गया. उसने हाथ नहीं किया. डर गई. फिर तेरी गाडी देखी तो दौडी. बोली, जीवी का मामा आ गया."

मी म्हणलं, "मामा? मैं?"

"और कौन? तू हर बार पूछता है, मेरी जीवी कैसी है, चलने लगी क्या, दाँत आया क्या. दूसरा ब्योपारी तो खाली ऊन देखता है." मंग माझ्या हातातल्या आरशाच्या टोपीकडं बोट दाखवून हसला. "ये टोपी भी तो तूने भेजी, जीवी पैदा हुई तब. लाखी सिर से उतारने नहीं देती."

मी टोपीकडं बघितलं. बारीक टाके, लाल-पिवळा दोरा, कडेला एक कवडी. असलं काम मी रोज बघतो. गोजरबाईच्या ओढणीवर.

मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर काहीच नव्हतं, एक पंक्चरचं दुकान सोडून.

हमीर आत गेला तसा मी तिला पायरीवर बोलावलं. "बाई, मी कधी विचारलं जीवीचं?"

"न्हाई विचारलं."

"टोपी?"

"माझ्या हातची हाय. तुमच्या नावानं दिली."

"काऊन पण?"

"काऊन म्हंजी?" ती माझ्याकडं वळली, आन् आवाजात पहिल्यांदा धार आली. "तुमी जाऊन उभे राह्यचे आन् म्हणायचे, कचरा हाय, माती हाय, न्हाई तर नेत न्हाई. हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर एक गठ्ठा भेटला नसता तुम्हाला. माणसाच्या दारात गेलं की आधी लेकराबाळाचं विचारतेत, ढोरावासराचं विचारतेत, मंग कामाचं बोलतेत. तुमी न्हाई विचारलं, म्हणून मी विचारायची. भाई विचारतेत म्हणून सांगायची."

"आन् ती म्हातारी? मागच्या बारीला रडली ती?"

"तिची उंटीण मेली होती. मी म्हणले, भाईला लई वाईट वाटलं."

"मंग हे खोटंच झालं की सगळं!"

"खोटं कसं?" ती म्हणली. "त्या दिवशी परत येताना टेम्पोत तुमीच म्हणले होते मला, ती पांढरी उंटीण दिसली न्हाई आज. म्हणले होते का न्हाई? तुमच्या पोटात असतं भाई, तोंडात येत न्हाई. मी पोटातलं सांगत होते."

तीस वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड बंद झालं, रहिमुन्निसानं ऐकलं तर पेढे वाटेल. मी मान खाली घालून म्हणलं, "गोजरबाई, मी लई वाईट बोललो परवा. आन् आज ती पोरगी गेली असती माझ्या तोंडापायी. तुमच्यामुळं वाचली. तुमचे उपकार कसे फेडू, मला न्हाई कळत."

"आता तुमी-बिमी कशाला म्हणताय?" ती म्हणली. "नाटकं करू नका. चहा पाजा, सकाळपासून पोटात काही न्हाई."

मी चहा आणला. दवाखान्यातल्या सगळ्यांला आणला. सिस्टरची हात जोडून माफी मागितली. डॉक्टरीण म्हणली, "काका, चूक माझी पण आहे, आवाज ऐकूनच मी घसा बघायला हवा होता." मी म्हणलं, "बेटा, तुम्ही विचारलं होतं. मी विचारू दिलं न्हाई." पण गोजरबाईला तुमी म्हणायचं मी सोडलं न्हाई. आजपर्यंत म्हणतो.

आठ दिवसांनी आम्ही डेऱ्यावर गेलो. गोजरबाई पुढं बसली, माझ्या बाजूला. मागं पोत्यांवर बसते म्हणत होती, मी केबिनचं दार उघडून उभाच राहिलो, मंग बसली. वाटेत दोनदा म्हणली की इथून रस्ता नीट दिसत न्हाई. मी म्हणलं, सवय होईल.

पळसाच्या सावलीत लोकरीचे गठ्ठे रचून ठेवले होते. मी तिकडं गेलो न्हाई. गोधडीवर बसलो. गुडघे दुखतेत माझे, खाली बसायला त्रास होतो, म्हणून मी कधी बसलोच नव्हतो तिथं. आज बसलो. लाखी समोर आली, कडेवर जीवी, डोक्यावर टोपी. म्हातारी बी येऊन बसली. बाया गोळा झाल्या. सगळ्यांनी सवयीनं गोजरबाईकडं तोंड केलं.

मी घसा साफ केला. म्हणलं, "बाई, सांगा ह्यांना. जीवी कशी हाय? घसा दुखतो का अजून? रात्री नीट झोपते का? भाकर खाते का? आन् म्हातारीला म्हणा, तुमची पांढरी उंटीण लई चांगली होती. मला मागच्या बारीलाच बोलायला पाहिजे होतं, माझं राहून गेलं. आन् लाखीला सांगा, दवाखान्यात मी जे ओरडलो, त्याची मला लाज वाटते."

गोजरबाई माझ्याकडं बघत होती. मंग ती बायांकडं वळली आन् बोलायला लागली. मी कान देऊन ऐकत होतो. जीवीचं नाव आलं. उंटिणीचं आलं, म्हातारीनं मान हलवली. लाखीचं नाव आलं, लाखीनं माझ्याकडं बघितलं आन् जीवीला अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. आन् गोजरबाई थांबली.

"झालं? एवढंच?" मी विचारलं.

"तुमी म्हणले तेवढंच," ती म्हणली.

आन् खरंच तेवढंच होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं.